शनिवारचा टेंपो

बसा, बसा. माझ्यासाठी उभं राहू नका. मागे उन्हात थांबलेल्यांनो, आत या, पुढे सतरंजी आहे. आमच्या शाळेच्या या पडवीत एवढी माणसं मावतील असं मला वाटलं नव्हतं.

सरपंच बोलले. रत्नागिरीहून आलेले तबल्याच्या क्लासचे पालक बोलले. विजयबद्दल सगळे चांगलं बोलले, आणि ते सगळं खरं आहे. आता मोठा भाऊ म्हणून मी बोलायचं आहे. मला भाषण येत नाही, भांडण येतं. वाडीला ते ठाऊक आहे. तेव्हा आजचं बोलणं भांडल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या. भांडण माझं माझ्याशीच आहे.

विज्या माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हापासून घरातला शेवटचा शब्द माझा. कलमं कधी फवारायची, माल कुणाला घालायचा, सगळं मी ठरवायचं. त्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही. एकदाच दिलं. सहा वर्षांपूर्वी. सायली, त्याची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. गणपतीतलं भजन ऐकून तिनं हट्ट धरला, तबला शिकायचाय. मी म्हटलं, "आपली हापूसची बाग आहे, तबला काय झाडाला टांगायचाय?" विज्या म्हणाला, "अण्णा, ती शिकणार."

एवढंच. आवाज चढवला नाही. पण मला ते झोंबलं. सहा वर्षं झोंबत होतं.

क्लास रत्नागिरीत, दर शनिवारी. घरातला टेंपो एकच. ठरलं की शनिवार सकाळचा टेंपो विज्याचा. मी हो म्हटलं, पण प्रत्येक शुक्रवारी काहीतरी कुरकुर केली. टायर बघ, डिझेल बघ, लवकर ये. तो म्हणायचा, "हो अण्णा."

पहिल्याच वर्षीची गोष्ट सांगतो. क्लासच्या बाईंनी त्याला बजावलं होतं, आपल्याकडची हवा दमट, तबला उतरतो, घरात उबेला कोरड्या जागी ठेवा. बाई, तुम्ही समोर बसला आहात, तुम्हाला आठवत असेल. आता आमच्या घरात मे महिन्यात उबेची जागा कुठली? आंब्याची आढी! या पठ्ठ्यानं तबला नेऊन पेंढ्यात ठेवला, हापूसच्या मधोमध. वर पुन्हा पेंढा पसरला, नीट, लेकरावर पांघरूण घालावं तसा. तिसऱ्या दिवशी बघतो तर तबल्याला पिकल्या आंब्याचा वास आणि पुडीला, वरच्या चामड्याला, मुंग्या. पुडी गेली ती गेलीच.

हसा, हसा. तोही हसायचा. मी तर वर्षभर गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारत होतो, "काय रे विज्या, पिकला का तबला?"

पण मी थट्टा करत बसलो आणि तो काय करत होता? रत्नागिरीत तबले दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जाऊन बसत होता. क्लास संपेपर्यंत इतर आईबाप बाकावर बसून गप्पा मारायचे. हा त्या कारागिराच्या पुढ्यात उकिडवा. चामड्याची वादी कशी ओढायची, तिच्याखालचा लाकडी गठ्ठा कुठे सरकवायचा, हातोडी किती जोरात मारायची. वर्षभरात शिकला. एक बोल वाजवता येत नव्हता त्याला. पण तबला सुरात लावायचा असा, की बाकीचे आईबाप आपल्या मुलांचे तबले घेऊन त्याच्यापुढे रांग लावायचे. आत्ता तुम्हीच सांगितलंत ते. मला माहीत नव्हतं. सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, की बाबा, तू दर शनिवारी तिथं दोन तास करतोस काय?

घरी रोज सकाळी चहा झाला की तो ओटीवर बसायचा. मांडीत तबला. मोबाईलवर तंबोरा लावायचा. आणि ओरडायचा, "गप रे सगळे, तबला लावतोय!"

घर गप व्हायचं. सुजाता, त्याची बायको, मिक्सर बंद करायची. माझी बायको हातातलं भांडं हळू ठेवायची. आमचा कुत्रादेखील कान टाकून पडायचा.

मी गप व्हायचो नाही.

मी नेमका तेव्हा पेट्यांना खिळे ठोकायला घ्यायचो. मुद्दाम. इथं खोटं बोलून काय मिळवू? मुद्दाम ठोकायचो. त्याच्या हातात छोटी हातोडी, माझ्या हातात मोठी. तो थांबायचा. माझ्याकडे बघायचा. म्हणायचा, "अण्णा, झालं का?" मी म्हणायचो, "नाही." तो वाट बघायचा. तबला मांडीवर घेऊन, हातोडी धरून, वाट बघत बसायचा. कधी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

एक चूक त्याचीही होती. शोकसभेत गेलेल्या माणसाची चूक काढू नये म्हणतात. मी काढणार. त्यानं सायलीला कधी हातोडी हातात दिली नाही. तबला उचलू दिला नाही. "हात जप गो चिमे, तुला वाजवायचंय." आता सोळा वर्षांची झाली, तरी दोन्ही पिशव्या ह्याच्याच खांद्यावर. बाई रागवायच्या, "अहो, परीक्षेत तिला स्वतः लावायला सांगतील." ह्याचं उत्तर ठरलेलं. "शिकेल हो. मी आहे ना."

मी आहे ना.

आता त्या शनिवारकडे येतो. त्यासाठीच उभा राहिलोय. पाणी देता जरा?

तुमच्यातले बरेच जण गेले चौदा दिवस माझ्या माघारी काहीतरी बोलताय. मी आलो की गप्प होताय. दुकानात, बोअरिंगवर, सगळीकडे. मी बहिरा नाही. अण्णानं टेंपो दिला नाही, म्हणून विजय गेला, असं बोलताय. माघारी कशाला? इथं बोला. नाही? बरं, मग मीच बोलतो.

टेंपो मी दिला नाही. शनिवार होता, सीझन जोरात होता, हातखंब्याला मुंबईचा ट्रक उभा होता आणि पेट्या पोचवायच्या होत्या. मी आदल्या दिवशी सांगू शकलो असतो. त्यानं शेजारची रिक्षा सांगितली असती. मी सांगितलं नाही. सकाळी तो पिशव्या घेऊन अंगणात आला, तेव्हा मी टेंपोत पेट्या भरत होतो. तो म्हणाला, "अण्णा, आज शनिवार ना?" मी म्हटलं, "मग? एसटीनं जा." तो म्हणाला, "परीक्षेआधीचे तीनच क्लास राहिलेत." मी म्हटलं, "परीक्षा तिची आहे, टेंपोची नाही."

हे मी बोललो. माझं भावाशी शेवटचं बोलणं हे.

तो म्हणाला, "बरं अण्णा." आणि घाटी चढायला लागला. टेंपोचा रस्ता लांबून वळसा घालून अंगणात येतो, पण एसटीला पायी जायचं तर घाटीच. आमची घाटी तुम्हाला माहीत आहे. जांभ्या दगडाच्या उंच उंच पायऱ्या, वर रस्त्यापर्यंत सावली नाही. एका खांद्यावर तबला, एका खांद्यावर डग्गा. सायली म्हणाली, एक पिशवी मला द्या बाबा. तो म्हणाला, हात जप. अर्ध्यावर गेला आणि पायरीवर बसला. पिशव्या आधी नीट खाली ठेवल्या, असं सायली सांगते. मग आडवा झाला.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, दारात गाडी असती तरी हाती लागला नसता. चौदा दिवस मी त्या वाक्याला धरून जगतोय. जो येईल त्याला तेच सांगतोय. डॉक्टर म्हणाले, डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टरांना फक्त टेंपोचं माहीत आहे. फोनचं माहीत नाही.

सुजाता, हे तुलाही माहीत नाही. ऐक. मग हवं तर उठून जा.

हातखंब्याला मी पेट्या उतरवत होतो. फोन वाजला. बघितलं, विज्याचं नाव. मला वाटलं, एसटी चुकली असेल, आता मला बोल लावायला फोन करतोय. मी फोन खिशात टाकला. पुन्हा वाजला. पुन्हा विज्याच. मी उचलला नाही. मोठ्या भावाचा तोरा.

तो फोन विज्या करत नव्हता. सायली करत होती. बापाच्या फोनवरून. पायरीवर, एकटी, बापाचं डोकं मांडीवर घेऊन. दोनदा मला केला. मग शेजारच्या बंड्याच्या आईला केला.

ही गोष्ट फक्त तिला आणि मला माहीत होती. चौदा दिवसांत तिनं आईला सांगितली नाही, कुणालाच नाही. घरात एवढी माणसं आली, गेली, प्रत्येकानं विचारलं, काय झालं, कसं झालं. तिनं सगळं सांगितलं, तेवढं सोडून. सोळा वर्षांच्या पोरीनं माझी अब्रू झाकली. आणि मी काय केलं? अंत्यविधी करून आलो, आणि तबला-डग्गा उचलून माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अण्णाकाका, तबला कुठाय?" मी म्हटलं, "सुतक आहे. सुतकात वाद्य दिसता कामा नये." पाळतो आम्ही सुतक, खरं आहे. पण मी सुतक पाळत नव्हतो. मला त्या पिशव्या बघवत नव्हत्या. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

दहाव्या दिवशी बाई घरी आल्या. म्हणाल्या, परीक्षा या रविवारी आहे, तिला पाठवा. सुजाता म्हणाली, "नको बाई. त्या तबल्यानं माझा माणूस नेला." मी तिथं बसलो होतो. मी गप्प राहिलो. बघा, जेव्हा गप्प बसायला हवं होतं तेव्हा खिळे ठोकले, आणि जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा गप्प.

सुजाता, आज बोलतो. चौघांत बोलतो, म्हणजे मला पुन्हा फिरवता येणार नाही. तबल्यानं नेला नाही तुझा माणूस. तबल्यासाठी तो जे करत होता, ते सहा वर्षं आनंदानं करत होता. टेंपो मी अडवला. फोन मी उचलला नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर, तबल्यावर नको. मला माफ कर असं मी म्हणणार नाही. माफी मागायची ही जागा नाही आणि माझी लायकी नाही.

सुतक काल फिटलं. काल दुपारी मी माळ्यावर चढलो. तबला खाली काढला. तो बघा, विज्याच्या फोटोशेजारी, टॉवेलाखाली झाकलाय. तुम्हाला वाटलं असेल पूजेचं काही आहे. टॉवेलही त्याचाच.

मी लावून बघितला. हसू नका. माळ्यावर पडून हवा लागली, बद्द वाजत होता. म्हटलं, विज्याला जमलं ते मला का नाही जमणार? एवढ्या पेट्या ठोकल्यात. हातोडी मारली. एकीकडे चढला की दुसरीकडे उतरतो. सोळा घरं असतात म्हणे त्याला, आणि सगळी एका सुरात यावी लागतात. तासभर बसलो. नाही जमलं. तेव्हा कळलं, माझ्या खिळ्यांच्या आवाजात तो बिचारा काय ऐकायचा प्रयत्न करत असेल.

बाई म्हणतात, सायलीला जमेल. कधी केलं नाही, पण सहा वर्षं रोज समोर बसून ऐकलंय. तिचा कान बापाहून तयार आहे, असं बाई म्हणतात. मला त्यातलं कळत नाही. मला टेंपोतलं कळतं. परवा रविवारी, सकाळी सात वाजता, टेंपो घाटीच्या खाली, आमच्या अंगणात उभा असेल. रिकामा. एक पेटी त्यात नसेल. यायचं की नाही ते सायली ठरवेल, आणि तिची आई. मी ठरवणार नाही. मी नुसता स्टिअरिंगवर बसेन. नाही आल्या, तरी बसेन.

आता शेवटचं. अशा सभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहून शांत राहायची रीत आहे. विज्याला तसली शांतता नको. त्याला कुठली शांतता हवी होती, ते मला माहीत आहे. रोज सकाळी मागत होता. सहा वर्षं मागत होता, आणि मी दिली नाही.

म्हणून उभे राहू नका. बसूनच राहा. आपापले मोबाईल बंद करा. फक्त विज्याचा चालू राहील, त्यावर तंबोरा आहे. मागच्या बाजूला ती खुर्ची कोण सरकवतंय? नको.

चिमे.

ही हातोडी. तुझ्या बाबाची. मी इथं ठेवतो, तबल्याशेजारी. घ्यायची तर घे. नाही घेतलीस तरी चालेल, कोणी काही बोलणार नाही.

...

सुजाता, सोड गो तिचा हात. बघ, तिला उठायचंय.

...

हां. ये. वाट द्या तिला. इथं बस, फोटोसमोर. घाई करू नको. लागेल तेवढा वेळ घे.

आणि तुम्ही. गप रे सगळे.

ती तबला लावतेय.