दादानं बसवलेली सीट

नाही नाही नाही — हातोडी आधी खाली ठेवा, मिस्त्री! भांडं तडकलं तर मी काय करू? घरात हा एकच कमोड, आणि आईचे गुडघे गेलेत, तिला खाली बसता येत नाही. सीट तुटलेलीच आहे, तिचे तुकडे करा हवे तर, पण भांडं शाबूत राहिलं पाहिजे. आणि आवाज जरा बेतानं — पलीकडच्या खोलीत झोपलीये ती, आत्ताच डोळा लागलाय. ती उठायच्या आत नवी सीट बसायला हवी. का म्हणजे? उठली तर काढू द्यायची नाही. हसता काय? खरंच सांगते, काठी घेऊन आडवी येईल.

कारण ही सीट दादानं बसवलीये. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ — परगावी असतो. असाच उभ्या उभ्या आला होता, आणि एक अख्खी दुपार बाह्या सरसावून हे! घरभर पसारा, आणि मला हाका — पान्हा दे, बॅटरी धर, पाणी आण. खालचे नट बघितलेत ना? लोखंडी. सीटबरोबर प्लास्टिकचे आले होते, ते फेकून दिले — म्हणे, असला कचकडा काय टिकतोय? न्हाणीघरात लोखंड! काय बोलणार? वर तो मसाला थापला — दोन गोळ्या एकत्र मळून लावतात ना, तो. ‘आता बघ, कुणाच्या बापाला निघायची नाही.’ आई दारात खुर्ची टाकून बघत होती. पोटच्या पोरानं डोंगर उचलला असता तरी एवढं कौतुक झालं नसतं.

काय — बोल्टसकट फिरतोय? फिरणारच, गंजून एकजीव झालेत ते. तेल? तेल मी रोज सोडत होते, ती झोपली की, चोरासारखं. पक्कड लावली, हात सोलपटला — हा बघा. नको, तुम्ही तिकडंच बघा. आता कापायलाच लागणार ना? मग खाली पुठ्ठा घाला, भांड्याला चरा नको.

त्या चिरेत बोट घालू नका! बसलं की ती उघडते, उठलं की मिटते, आणि मांडीचं कातडं धरते. काळंनिळं झालंय हो तिचं, रोज मलम लावते मी. ओरडते का? छे! म्हणे, पोराच्या हातची आहे, होईल सवय. मग चीर पडली कशानं? तर — ‘तूच मला आपटून बसवतेस.’ मी! उठवते मी, बसवते मी, धुते मी, आणि आपटतेही मीच. आणि दादाचा फोन आला की उशीवर, एका कुल्ल्यावर कलून बसून सांगते — ‘तुझी सीट दगडासारखी आहे रे बाळा, हललीसुद्धा नाही.’ कुणी भेटायला आलं की पहिलं वाक्य — जा, न्हाणीघर बघून या, मुलानं करून दिलंय. लोक बिचारे जाऊन बघून येतात!

मी सांगितलं होतं की त्याला, तुटलीये म्हणून. ‘तुटेलच कशी? मी बसवलीये.’ झालं! तिला फळं दे, तिला चालव, तिच्याशी गोड बोल — तिकडून उंटावरून शेळ्या हाकायच्या. आणि मी कोण? परवा नवीन नर्स आली इंजेक्शन द्यायला, तिनं विचारलं, ह्या कोण तुमच्या? तर आई म्हणते, ‘ही असते इथंच.’ असते इथंच! दारामागचा झाडू असतो तशी. अहो, आठवडाभरासाठी म्हणून आले होते मी. शिवणाचा वर्ग होता माझा, पोरी वाट बघत होत्या. नवरा आधी दर रविवारी यायचा, मग नुसता फोन करायचा, आणि आता — जाऊ दे. तुम्हाला काय करायचंय त्याचं? तुम्ही कापा.

निघाला एक? द्या, ते पातं इकडं द्या. दुसरा मी कापते. द्या म्हणते ना! हं — पान्हा दे. बॅटरी धर. पाणी आण. पान्हा दे. बॅटरी — निघाला! बघितलंत? कुणाच्या बापाला निघणार नव्हता ना? काढला मी!

श्श. उठली वाटतं. — काय गं आई? — दादा आलाय का, विचारते. घरात खुडबुड झाली की दादाच, दुसऱ्या कुणाला हात आहेतच कुठं! आज सांगणार आहे मी तिला. नवी मी आणली, जुनी मी कापली, माझ्या ह्या हातानं — सांगतेच, थांबा. — नाही गं आई, दादा नाही आला. सीट काढली मी. मी काढली! — अगं, रडतेस काय अशी? तुटली होती ती, तुला लागत — बसणार नाहीस म्हणजे? मग जाशील कुठं? — आई, ऐक. ऐक तर. दादानंच पाठवलीये नवी. — हो, माणूसही त्यानंच पाठवलाय. — हो गं, आठवण असते त्याला. पड तू जरा.

ऐकलंत? ‘मला ठाऊकच होतं’ म्हणते. तुम्हाला विचारलं तर तुम्हीही तेच सांगा, मुलानं पाठवलंय. नाहीतर टेकायची नाही ती ह्या सीटवर.

अहो, पान्हा कशाला घेताय? हातानं आवळा, पुरे. उद्या परत काढायची वेळ आली तर दादा येणार नाहीये. झालं ना? मग निघा तुम्ही आता. दार ओढून घ्या जाताना, मला तिला आणायचंय.