गोटीची निवड

लेक: बिस्किटं देत नाही म्हणता, मग हिच्या फ्रॉकच्या खिशात हा चुरा कसला?

बाबा: हा? जुना असेल.

लेक: फ्रॉक सकाळी धुतलेला घातलाय, बाबा.

बाबा: मग वाऱ्याने आला असेल. पलीकडे बेकरी आहे ना.

लेक: बाबा.

बाबा: एखादं देतो गं. अर्धं. तेही रोज नाही. म्हणजे रोज, पण फक्त सकाळी.

लेक: हा कागद वाचा.

बाबा: चष्मा सापडत नाहीये.

लेक: डोक्यावर आहे. वाचा. हिमोग्लोबिन, नऊ. माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच मशिनवर. दिवसाला शंभर लोकांचे रिपोर्ट काढते मी, कधी काही वाटत नाही. हा आकडा दिसला आणि नाव दोनदा वाचलं. मशिन बिघडलंय म्हणून परत लावून बघितलं. तरी नऊ. डॉक्टरांनी थेंब लिहून दिलेत, पण म्हणाले, नुसत्या थेंबांवर मूल वाढत नाही, भाजी आणि फळं पोटात गेली पाहिजेत. तीन महिन्यांत हिचं वजन वाढलंय दोनशे ग्रॅम.

बाबा: दोनशे ग्रॅम म्हणजे काही अगदीच कमी नाही.

लेक: मिरच्या असत्या तर नव्हते कमी. सव्वादोन वर्षांची पोर आहे ती. भाजीवाल्याची नात, आणि तिला भाजी चालत नाही. लोकांना सांगायची सोय नाही.

बाबा: मी काही करत नाही असं वाटतं का तुला? परवा गाजराची आगगाडी केली. बीन्सचे रूळ, टोमॅटोचा सिग्नल. तासभर खेळली. शेवटी म्हटलं, चल, आता गाडी तोंडाच्या बोगद्यात जाणार. बोगदा बंद. मग वाटाणे दिले, तर एक नाकात घातला.

लेक: माहितीये. चिमट्याने काढला तेव्हा मीच धरून बसले होते. आणि मी तरी काय कमी केलं? ऑम्लेटमध्ये पालक इतका बारीक चिरला की माझा मलाच दिसेना. हिने नखाने एकेक हिरवा ठिपका उचकटून ताटाच्या कडेला ओळीत मांडला. हात टेकले मी. म्हणून ठरवलंय, सोमवारपासून पाळणाघर.

बाबा: कुणाला?

लेक: तुम्हाला नाही. गोटीला.

बाबा: आणि माझं दुकान काय वाईट आहे?

लेक: वाईट नाही. पण तिथे बारा मुलं एका टेबलाशी जेवायला बसतात, एकमेकांचं बघून खातात. त्या बाई म्हणाल्या, पंधरा दिवसांत लागेल खायला.

बाबा: हं.

लेक: नुसतं हं म्हणू नका. बोला.

बाबा: काय बोलू? तुझी आई गेल्यावर हे शटर उघडायचं जिवावर यायचं. तीन महिन्यांपूर्वी तू कामावर जाताना हिला इथे सोडायला लागलीस आणि मी पावणेसातलाच येऊन बसायला लागलो. ही शेजारी स्टुलावर असते म्हणून दिवस जातो. ती गेली तर मी काय दिवसभर कोबीशी बोलू?

लेक: मला कळत नाही का ते? कळतं म्हणूनच दोन आठवडे सांगायचं टाळलं. पण नऊ आहे, बाबा.

बाबा: तुझी जेवणाची सुट्टी किती उरलीय?

लेक: वीस मिनिटं.

बाबा: बास. तुझ्यासमोर खायला घालतो. खाल्लं तर सोमवारचं रद्द. नाही खाल्लं तर तिची पिशवी मी स्वतः भरून देईन, चकार शब्द काढणार नाही.

लेक: चकार शब्द काढणार नाही म्हणजे किती वेळ?

बाबा: ये गं गोटी, ये माझी राणी. बस स्टुलावर. ही बघ काकडी. आत्ताच कापली तुझ्यासाठी.

गोटी: काकडी.

बाबा: बघ, नाव कसं स्पष्ट घेते.

लेक: नाव घेऊन रक्त वाढत नाही. द्या हातात.

बाबा: घे. हं. वास घेतेय. ही चांगली खूण आहे.

लेक: उलटीपालटी करतेय. आता अंगठ्याने दाबतेय. हे काय चाललंय?

गोटी: किडकं.

लेक: फळीखालच्या खोक्यात टाकली, बाबा. न चाखता.

बाबा: असू दे. काकडी पाणचट असते, तिला आवडत नसेल. केळं घे, राणी. केळं आवडत नाही असं मूल जन्माला यायचंय.

गोटी: डाग.

लेक: केळंही खोक्यात. थांबा, माझ्या डब्यातलं गाजर देते. छान मऊ उकडून आणलंय. गोटी, आ कर.

गोटी: मऊ. किडकं. आई, काढ.

लेक: बाबा, त्या खोक्यात असतं काय?

बाबा: निवडून काढलेला खराब माल. गोठेवाला येऊन घेऊन जातो.

लेक: आणि निवडतं कोण?

बाबा: आम्ही दोघं. सकाळी माल उतरला की मी खोकी ओततो आणि ही समोर फतकल मारून बसते. काय सांगू तुला, या वयात अशी नजर मी बघितली नाही. टोमॅटोचा देठ हुंगते, बीन्सची शेंग मोडून बघते, केळ्यावरचा डाग लांबून ओळखते. गिऱ्हाइकं थांबून बघत राहतात. परवा अख्ख्या खोक्यात एकच नासका टोमॅटो होता, माझ्याही नजरेतून सुटलेला. हिने बरोब्बर काढला.

लेक: मग तुम्ही काय केलंत?

बाबा: कौतुक केलं.

लेक: कसं?

बाबा: शाब्बास म्हटलं.

लेक: आणि?

बाबा: पाठ थोपटली.

लेक: आणि, बाबा?

बाबा: अर्धं बिस्किट दिलं.

लेक: म्हणजे एक किडकं काढलं की अर्धं बिस्किट.

बाबा: सुरुवातीला तुकडाच द्यायचो. पण काम वाढत गेलं तिचं.

लेक: तीन महिने. तीन महिने या पोरीला तुम्ही शिकवलंत की भाजी हातात आली की आधी खोट शोधायची, मऊ लागली, डाग दिसला की फेकायची, आणि फेकली की बिस्किट खायचं. आणि मी घरी गाजरं मऊ उकडतेय. लोण्यासारखी उकडतेय.

गोटी: बिस्किट.

लेक: घ्या. मेहनताना मागतेय.

(लेक तोंडावर ओढणी धरून हसू लागते. गोटीही हसते. बाबा फळीवरचे टोमॅटो उगाचच सरळ करत राहतात.)

बाबा: मला वाटलं, धंदा शिकतेय.

लेक: शिकलीच आहे. तुमच्याहून कडक आहे. बरं, मला सांगा, जे चांगलं निघतं त्याचं पुढे काय होतं?

बाबा: काय होणार? फळीवर लागतं, गिऱ्हाईक घेऊन जातं.

लेक: म्हणजे खाताना हिने कुणालाच बघितलेलं नाही.

बाबा: थांब जरा. या ताई, या. भोपळा? अहो, हा बघा, लोणी आहे नुसतं. चिमूटभर मिठात वाफवा, बाकी काही नको. काल संध्याकाळी मीच खाल्ला, दोनदा वाढून घेतला. हो, हो, अर्धा देतो कापून. साल काढू नका बरं का, सगळी चव सालीत आहे. या परत.

लेक: काल संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे जेवलात.

बाबा: हो का?

लेक: अंडं आणि ब्रेड. भोपळा मीच वाढला होता. पोट भरलंय म्हणून तुम्ही तो वाटीखाली सारलात.

बाबा: धंद्यात असं म्हणावं लागतं गं.

लेक: शेवटची भाजी कधी खाल्लीत? खरं सांगा. मी रक्त काढून बघू शकते.

बाबा: तुझी आई होती तेव्हा.

लेक: दोन वर्षं झाली, बाबा.

बाबा: झाली असतील. दिवसभर हाताला तोच वास, डोळ्यांसमोर तीच तोंडं. संध्याकाळी ताटात पुन्हा तीच बघवत नाहीत. मला भाजी कधी आवडलीच नाही, पोरी. लग्नाच्या आधीपासून नाही.

लेक: काहीतरीच. माझ्या लहानपणी तुम्ही कारलंसुद्धा मिटक्या मारत खायचात. तुमच्याकडे बघून तर मी खायला लागले.

बाबा: तेच तर. तूही हिच्यासारखीच होतीस, तोंड शिवलेलं. तुझी आई म्हणाली, पोर तुमच्याकडे बघते, तुम्ही खा. आणि टेबलाखालून पायावर पाय द्यायची. मी एक घास घेतला, तू एक घेतलास. मिटक्या मारल्या, तूही मारल्यास. मग तुला कारलं इतकं आवडायला लागलं की आठवड्यातून दोनदा व्हायचं. वीस वर्षं गिळलं मी. तू लग्न होऊन गेलीस त्या दिवशी तुझ्या आईला म्हटलं, आता तरी सोड मला.

लेक: सोडलं तिने?

बाबा: छे. म्हणाली, सवय मोडू नका, नातवंडं येतील.

लेक: बाबा, तुम्ही मला हे कधी बोलला नाहीत.

बाबा: बोलायचं काय त्यात. तू खात होतीस ना.

लेक: घ्या. काकडीचा काप. घाला तोंडात. तिच्यासमोर.

बाबा: आत्ता?

लेक: सात मिनिटं उरलीत. टेबल नाहीये, नाहीतर पायही दिला असता.

बाबा: बघ गोटी, आबा काय खातोय.

गोटी: आबा, नको. किडकं.

बाबा: नाही गं, चांगली आहे. अगं, बोट काय घालतेस घशात. पोरी, हिला धर, ही तोंडातून काढतेय माझ्या.

लेक: वाचवतेय तुम्हाला. चावत राहा. मिटक्या मारा.

बाबा: गोड आहे, गोटी. बघ, संपली.

गोटी: बघू.

लेक: दुसरा काप उचलला. वास घेतला. दाबला.

गोटी: चांगलं. आबा, आ.

बाबा: मला भरवतेय ही.

लेक: खा.

गोटी: चांगलं. आबा, आ.

बाबा: तिसरा. अगं, जरा दम घेऊ दे.

गोटी: चांगलं. आ.

बाबा: चार झाले. पोरी, हसू नकोस, मला ठसका लागेल. आता गाजर उचललं हिने.

गोटी: मऊ.

बाबा: हो, मऊ आहे. पण चांगलं आहे. आबा खातो ते. दे.

गोटी: बघू.

लेक: बाबा.

बाबा: काय?

लेक: दाताने तोडलं तिने.

बाबा: गिळलं?

लेक: बघू नका तिकडे. कांद्यांकडे बघा. आपण बघतोय म्हटल्यावर थुंकेल.

बाबा: कांद्यांकडेच बघतोय. तू बघ.

लेक: मी पण कांद्यांकडेच बघतेय.

बाबा: आवाज येतोय का काही?

लेक: चावल्याचा येतोय.

गोटी: आबा, चांगलं. घे.

बाबा: उष्टं मला देतेय. म्हणजे बाकीचं आत गेलं.

लेक: अर्ध्याहून थोडं जास्त गेलंय. रडताय की काय तुम्ही?

बाबा: कांद्यांकडे बघ म्हणालीस ना तूच. पोरी, एवढुसा तुकडा पैजेत धरायचा का? तू काही म्हटलंस तरी मी ऐकेन. नऊ हा आकडा मलाही कळतो.

लेक: एका तुकड्याने काही होत नाही. बिस्किटाचा डबा मी घेऊन जातेय. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासणार. आणि सोमवारी सकाळी हिला इथे सोडताना दोन डबे देईन.

बाबा: दोन कशाला? एवढं कुठे खाणार आहे ती?

लेक: दुसरा तुमचा आहे, बाबा.