ठरावाला माझा अंगठा नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष काळुरामशेठ, सत्कारमूर्ती उत्तमराव, व्यासपीठावरची थोर मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या लेकीसुनांनो, बाबांनो,

हार आणलेत, शाल आणलीत, माईक आणलात. लिफ्ट बंद आहे आणि सर्वांत म्हातारी बाई सातव्या मजल्यावर राहते, एवढंच विसरलात! बदाम खा रे जरा. म्हणून मी वरून सांगितलं आणि नात संचिता खाली वाचतेय. ती मध्येच अडखळली तर समजा, आजी वाकडं बोललीय. संचे, एक शब्द गाळलास तर बघ.

उत्तमराव चेअरमनकी सोडतायत. मी त्यांचं बारसं जेवलेय, तेव्हा दोन चांगले शब्द बोलायचा हक्क माझाच. माणूस कामाचा. गेटवर सावली केली, पाण्याचा टँकर बंद केला. अख्ख्या बाळकुम भागात अशी सोसायटी नाही, हे मीच सगळ्यांना सांगते.

पण निरोप उत्तमरावांना आणि नोकरी जाणार वीज तपासणाऱ्या सम्यकसाहेबांची, हा कुठला न्याय?

मीटररूम जळाली, लिफ्ट बंद पडली, झाडूवाल्या शांताबाईचा उजवा हात भाजला. आता तुमचा ठराव तयार आहे, की सगळा दोष वीज तपासायला आलेल्या साहेबांचा. उद्या तो त्यांच्या ऑफिसात जाणार. घरोघर सह्या झाल्या. माझा अंगठा तेवढा राहिलाय. तो मिळणार नाही.

का म्हणून विचारता? नकाशात मीटररूमची वीजपेटी कोरड्या भिंतीला होती. सोसायटीच्या ऑफिसला जागा हवी म्हणून ती पाण्याच्या पाइपाखाली कोणी सरकवून घेतली? ठेकेदार म्हणतो, कमिटीने सांगितलं. कमिटी म्हणते, आम्हाला त्यातलं काय कळतं! अरे, कळत नव्हतं तर सरकवलीत कशाला?

आणि तपासणीच्या दिवशीच तिथे सत्यनारायण मांडलात. पेटीच्याच भिंतीवर भरजरी पडदा, पुढे केळीचे खांब, चौरंग. साहेब म्हणाले, "मागची पेटी बघायची होती." उत्तमराव हात जोडून म्हणाले, "साहेब, मांडलेली पूजा हलवत नाहीत हो." मी पाटावरून ओरडले, "उत्तमा, पडदा सोड की!" तर माझ्या हातावर प्रसाद ठेवून मला गप्प केलंत.

साहेबांच्या घरी ही पूजा होत नाही, ते बुद्धवंदना करतात, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यांनी "हलवा" म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांच्याबद्दल काय काय बोलला असतात, तेही मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि सही केली.

चुकलेच ते. न बघता सही करायला नको होती. मी त्यांना धुतल्या तांदळासारखे म्हणत नाही. पण आग लागल्यावर घरोघर फिरून "चूक माझी आहे, पडदा काढायला लावायला हवा होता" असं सांगणारा तो एकच माणूस. जो कबूल करतो त्याच्याच डोक्यावर सगळ्यांचं ओझं ठेवायचं? अशाने पुढचा साहेब तोंड उघडेल का?

तेव्हा अध्यक्षमहाराज, ठरावात साहेबांच्या नावाखाली कमिटीचं नाव लिहा, ठेकेदाराचं लिहा, पेटी कोणी सरकवली ते लिहा. मग माझा एक नाही, दोन्ही अंगठे घ्या. नाहीतर मी साहेबांच्या ऑफिसातल्या चौकशीला जाऊन हेच सगळं सांगेन. खुर्चीवर बसवून चौघांनी खाली न्यावं लागलं तरी जाईन.

मला बोलू दिलंत, तुमचे आभार. उत्तमा, तुला आयुष्य लाभो. जीभ जास्त चालली असेल तर वयाकडे बघून पोटात घाला. बोललेलं मात्र मागे घेत नाही.

आता जेवणाचं. शांताबाईकडे डबा पाठवायचाय. पुऱ्या देऊ नका, तिला एका हाताने तोडता येत नाहीत. मऊ भात, वरण कालवून, वर तूप, आणि चमचा आठवणीने. डबा उत्तमनेच न्यायचा, आणि ती जेवेपर्यंत तिथेच बसायचं.