कमलबाईंच्या छातीतली शिट्टी

मंडळी, विहारात आज पाय ठेवायला जागा नाही. कमलबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "एवढ्यायले चहा कोण पाजन?" त्यांच्याबद्दल 'होत्या' म्हणताना जीभ अडखळते. सांभाळून घ्या.

पोंभुर्ण्याच्या स्टँडवर त्यांनी आपल्याला वर्षानुवर्षं चहा पाजला. दमा होता, शुगरही होती. धाप लागली की म्हणायच्या, "भाऊ, माह्या छातीत कंडक्टर बसला. गाडी मागं घेऊन राह्यला. आयका शिट्टी!" आपण हसायचो. त्याही हसायच्या, मग खोकायच्या.

यंदा मोहफुलं वेचण्यासाठी जंगलात पालापाचोळा जाळला. धूर गावात उतरला आणि ती शिट्टी थांबेना. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, आवळतात, चिकट कफ साचतो. आत गेलेली हवा बाहेर निघताना अडते. डॉक्टरांनी सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या. त्या हव्याच होत्या. पण त्या गोळ्यांनी साखर चढते.

मंडळी, इथून पुढचं नीट ऐका. मयतीच्या दिवशी मी कुजबुज ऐकली. "सुनेनं पाणीच नाई देल्लं." "नुसती दम्याचा पंप मारत बसली." त्यांची सून संगीता तिथंच उभी होती. तिनंही ऐकलं.

म्हणून मी चंद्रपूरच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. चढलेली साखर लघवीतून जाते. जाताना पाणी नेते, मीठ नेते, हृदयाची लय सांभाळणारे क्षारही नेते. माणूस आतून कोरडा पडतो. संगीता तांब्या घेऊन मागं लागायची आणि सासू म्हणायची, "नको वं, घडी घडी उठून पाय गेले माहे." त्यात इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचलं. ते कमी करायला शरीर खोल, भराभर श्वास घेऊ लागतं. बघणाऱ्याला तो दमाच वाटतो. भेटायला आलेला जो तो सांगत होता, "दमाच हाय, पंप दे." तुम्ही काय सांगितलं असतं?

मी शेजारीच राहतो. त्या दिवशी संगीतानं मला हाक मारली. "काका, धाप तर लागूनच राह्यली, पण शिट्टी कुठी हाय? हे काहीतरी अलग हाय." तिनं लगेच गाडी बोलावली. चंद्रपूरला सलाईन लागलं, इन्सुलिन लागलं. पण शरीरातली तूट फार झाली होती. हे ध्यानात ठेवा: शिट्टी थांबूनही धाप वाढत असेल, तर घरी वाट पाहू नका. डॉक्टर मला म्हणाले, "त्या मुलीनं ओळखलं म्हणून पेशंट इथवर तरी आला."

संगीता, बाई, मागं भिंतीशी बसू नको. इथी ये. सासूच्या फोटोपुढची पहिली मेणबत्ती तू लाव.

आपण सगळे उभे राहू, मंडळी. ती ज्योत स्थिर होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. आणि संगीताबद्दल वेडंवाकडं, त्यानंतरही नाही.