डायनामोतलं नारळपाणी

वाशीत बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघे होते.

"बंडू, गाडी असून बसने?"

"डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझेचना. नवी बॅटरी टाकली, तीपण दोन दिवसांत उतरली. शेवटी कासिमभाई मेकॅनिकनी बॅटरी चार्ज करणारा डायनामो खोलला. मला हळूच दाखवलं, आत नारळाचं पाणी सुकून चिकटलेलं."

"नारळाचं?"

"दसऱ्याला आईने बॉनेट उघडून इंजिनावरच नारळ फोडला. बाबांच्या फंडातून घेतलेली गाडी ना."

"आईंना कळलं?"

"बाजूलाच उभी होती. म्हणाली, 'कशानं झालं हो?' कासिमभाई म्हणाले, 'खाडीची हवा, आई.'"

"सांगितलं नाही त्यांनी?"

"नाही रे. पाय धरावेसे वाटले मला. निघताना आईला एवढंच म्हणाले, 'येत्या दसऱ्याला मला बोलवा. नारळ मीच फोडतो, टायरपाशी.'"