पिवळी न पडणारी कॅनोपी

एरवी मी पदरचं घातल्याशिवाय काही सांगत नाही, पण हे जसंच्या तसं आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी कुणी एक दाजी आणि त्यांचा मेहुणा बसले होते. मेहुण्याच्या मांडीवर विमानाचं छोटं मॉडेल होतं आणि हातात कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण.

"दाजी, ही पिवळी पडणार नाही कशावरून? मागची दोन वर्षांत चहासारखी झाली. आतला वैमानिक दिसेना."

"ती रेझिनची होती. ही ॲक्रिलिकची, पारदर्शक शीट तापवून साच्यावर ओढलीय. अशीच एक तुला वर्षभर उन्हात ठेवायला दिली होती ना?"

"माझ्याच खिडकीत ठेवली. तुम्ही गुपचूप बदलायला नको."

"मग, पडली पिवळी?"

"नाही. म्हणून तर जास्तच संशय येतोय."

"अरे, तुझ्या घरात मी कधी शिरणार?"

"तुमचा काय भरवसा! ताईकडे किल्ली आहे. मी बाहेर पडताना कॅनोपी कपाटात कुलूपबंद करून जायचो."

"बाहेर म्हणजे?"

"ऑफिसला. सकाळी आठ ते संध्याकाळी सात."

"आणि रविवारी?"

"रविवारी तुम्ही दोघं येता. दिवसभर कुलूप."

"शहाण्या, म्हणजे वर्षभर तिनं ऊन पाहिलंच नाही!"

"आता हो? आज बाबांची पट्टी सुटणार. 'आधी माझं विमान दाखवा,' असं म्हणालेत ते."

"बसव. आज तर स्वच्छ आहे ना?"

"आणि पुढे पिवळी पडली तर?"

"नवी करून देईन."

"तोंडी नको. लेखी द्या."