मामाजीचा आवाज अन् माझा अंगठा

…अन् वरून लोकं म्हनते काय, का जवाईबापू, तुमचा हात लागला म्हून डबा बिघडला! घ्या! म्हंजे चांद्यावरून बैलगाडीत मांडीवर घेऊन, लेकरावानी आनला कोनं? म्या. त्याच्यातले काचेचे दिवे फुटू नाई म्हून खाली धानाची तनीस घातली कोनं? म्या. अन् बिघडवलाही म्याच! तुमाले सांगतो, मानसानं जवाई होऊ नाई, अन् झालाच त सायकल दुरुस्तीचं दुकान टाकू नाई. "इस्तारी सायकलचा पंचर काढते ना, मंग भोंग्याचा डबाही करन! काऊन नाई करन? दोन्हीतून हवाच त बाहेर येते!" हे आमचे मामाजी. माझे सासरे. हवाच त बाहेर येते!

डबा म्हंजे समजलं ना? बंद पडलेल्या टुरिंग टाकीजचा जुना अँप्लिफायर. मायकात बोलायचं, डब्यात आवाज फुगते, अन् चिचेच्या झाडावर टांगलेल्या भोंग्यातून बाहेर येते. आता आमच्या खेड्यात लाईट कुठची? म्हून लाकडं वाहनाऱ्या ट्रकातली बॅटरी मांगून आनली. बॅटरीले शिश्याचे दोन खुटे, त्यायले चिमट्यानं तार लावायची. बस, येवढंच काम. पन तो चिमटा असा खिळखिळा, असा खिळखिळा… तार हलली, का आवाज गेला! दिवे थंडे. मंग ते पुन्हा लाल होईपर्यंत बसा उकिडवे!

तुमी म्हनसान, येवढा आटापिटा काऊन गा? सांगतो ना. आमचे मामाजी, नथ्थूभाऊ, मंडईत, म्हंजे आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडारीच्या खेळाचा पयला गन म्हनाचे. भर दुपारी, हजारो मानूस, अन् यायचा आवाज तलावाच्या पल्याड जाये. अन् समोरच्या वळीत कोन बसे? आमच्या सासूबाई, शकुबाई. टाळी नाई, वाहवा नाई. घरी जेवाले वाढता वाढता म्हनत, "आज एक शब्द गिळला तुमी." झाली दाद! म्हातारा सारा वर्षभर त्या येवढ्या बोलन्यासाठी जगे, खोटं नाई सांगत.

मंग काय झालं, का मामाजीले दमा लागला, आवाज बसला. अन् औंदा धानाच्या रोवन्याच्या टायमाले सासूबाई चिखलाच्या बांधीत घसरल्या, कमरेचं हाड मोडलं. खाट उचलली का कण्हते बिचारी. घर कुठी, त गावाच्या पार त्या टोकाले, तलावाच्या पाळीखाली. तवा मामाजी माझ्या दुकानात आले. हे येवढ्या मिशा! अन् डोळ्यात पानी. "जवाईबापू, माझा गन तिच्या खाटेपर्यंत पोचला पाह्यजे. तिनंच नाई ऐकलं त म्या कोनासाठी म्हनू?" आता सांगा, नाई कसं म्हनू मी? नाई म्हनन्यावानी होतं काय ते?

आली मंडई. म्या तार लावली, दिवे लाल झाले, मामाजी मायकात खाकरले… अन् भोंगा असा गरजला, का चिचेवरचे सारे बगळे उडाले! मामाजी खूश. "हॅलो" म्हनासाठी तोंड उघडते, त डबा गप! तार हलली, का आवाज गेला! चिमटा काढून पाहतो, त खुट्यावर शेंदूर अन् तेलाचा थर! हे कुठून आलं बाप्पा? राखडीनं घासला, चिच लावून घासला, चकचकीत केला. आवाज आला. पानी प्याले गेलो, आलो, पुन्हा बंद! पाहतो त हळद, कुंकू, तेल, अन् वरून तांदूळ! तिकडं मंडईचा कारभारी मुखरू बोंबलून राह्यला, "अबे इस्तारी, लोकं उठून सिंगाडे घ्याले चालले ना बे!" म्या म्हनलं, जाऊ दे, आता चोरच पकडतो. घासलं पुन्हा, अन् बसलो लपून डब्यामागं.

अन् कोन यावं? कुंता! माझी बायको! हातात पूजेचं ताट, अन् मागं गावच्या बायायची ही वळ!

"अवो कुंते! काय करून राह्यली?"

"अवो, साज पुजल्याबिगर कोनी हात लावते काय? ढोलकीले लावलं, टाळाले लावलं. हे दोन देव काऊन सुकेच ठेवता?"

देव! शिश्याचे खुटे पिंडीवानी दिसते म्हून ते देव! म्या ओरडलो, "खुट्या-तारेच्या मधात तेल आलं का करंट नाई जात! तुझ्याच बापाचा आवाज तूच अडवून राह्यली!"

झालं. तिनं ताट छातीशी धरलं. हळूच म्हनते, "यातूनच बाबाचा आवाज मायपाशी जानार ना? मंग हात नाई जोडू त काय करू?"

म्याही हात जोडले त्या डब्याले. पन तेल? तेल नाई!

इतक्या घासाघाशीत चिमट्याचा स्क्रू गेला कामातून. तार ठरेचना. मंग म्या सरळ अंगठाच ठेवला तारेवर, अन् दाबली. दिवे लाल. मामाजीनं गन धरला… अन् तुमाले सांगतो, तो बसलेला, खरखरीत, दमेकरी आवाज भोंग्यातून असा निघाला, का सिंगाडेवाली सिंगाडे तोलाचं विसरली! म्या हलू नाई, खोकू नाई, नाकावर माशी, तिले हाकलू नाई. मानूस नाई, तिसरा खुटा झालो होतो मी!

गन सपला. मामाजीनं टाळ्यायकडं पाह्यलंही नाई, नजर सारी तलावाच्या वाटेकडं. तिकडून आली शेजारची बुधरी. सासूबाईजवळ तिलेच बसवलं होतं. धापा टाकत म्हनते, "आलं! शकुबाईले ऐकू आलं!"

"अन्? अन् काय म्हनली?"

"म्हनते, दुसऱ्या कडव्यात चुकले. पुन्हा म्हना म्हनते."

म्हातारा असा हासला! रडत रडत हासला. मायकालेच मिठी मारली. "जवाईबापू, धरा तार! पुन्हा म्हनतो!"

धरा तार! इकडं अंगठा बधिर. तेवढ्यात कुंता आली ताट घेऊन. म्या म्हनलं, "खबरदार! डब्याले नाई!"

"डब्याले कोन लावून राह्यलं?" म्हनते. अन् बसली माझ्यासमोर, अन् माझ्याच अंगठ्याले हळद, कुंकू, वरून तेल… अन् वाकून नमस्कार, मंग वर पाह्यलं. लग्नापासून येवढ्या मायेनं तिनं पाह्यलं नव्हतं माझ्याकडं. अंगठा तसाच ठेवला तारेवर, पुसला नाई. बरं वाटलं मले, खोटं काऊन बोलू?

मामाजी दुसऱ्या कडव्यावर आले, छाती भरून सूर लावला… अन् तेल लावलेला अंगठा कुठी ठरते बाप्पा? तार हलली, का आवाज गेला! अन् सारी मंडई म्हनते, जवाईचाच हात लागला!